जुन्या मिलिंग मशीनचे सीएनसी करताना होम आणि लिमिट स्विच कसे जोडावेत

हाताने चालणाऱ्या मिलिंग मशीनला मोटर आणि कंट्रोलर बसवला की टेबल किती सरकले हे कंट्रोलरला कळू लागते, पण टेबल मुळात कुठे आहे हे त्याला कळत नाही. स्टेपर मोटर असो किंवा साधा इन्क्रिमेंटल एन्कोडर (मोटर किती फिरली हे पल्समधून सांगणारा भाग) असलेली सर्व्हो मोटर असो, कंट्रोलर केवळ पल्स मोजत असतो, आणि वीज बंद झाली की ती मोजणी पुसली जाते. पुन्हा मशीन सुरू केल्यावर टेबल जिथे उभे असेल तिथूनच त्याची नवी मोजणी सुरू होते. मशीनला स्वतःची एक कायमची जागा दाखवून देण्याचे काम होम स्विच करतो, आणि अक्षाची धाव जिथे संपते तिथे सावध करण्याचे काम लिमिट स्विच करतो.

ही दोन कामे वरवर सारखी दिसतात, म्हणून पुष्कळदा एकाच प्रकारचा स्विच दोन्हीकडे लावला जातो. तसे करायला हरकत नाही, पण दोघांकडून असलेली अपेक्षा वेगळी आहे हे ध्यानात ठेवावे. होम स्विच रोज वापरला जातो आणि त्याने प्रत्येक वेळी त्याच जागी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, कार्यान्वित व्हावे लागते. लिमिट स्विच कदाचित वर्षभरात एकदाही वापरला जाणार नाही, आणि तो अर्धा मिलिमीटर पुढेमागे चालला तरी बिघडत नाही, मात्र ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी तो चाललाच पाहिजे. होमला अचूकता हवी आणि लिमिटला भरवसा हवा.

या दोहोंच्या जोडीला सॉफ्ट लिमिट असते. होमिंग, म्हणजे होम स्विच शोधून तिथून मोजणी सुरू करणे, झाल्यावर कंट्रोलरला अक्षाची संपूर्ण लांबी माहीत असते, त्यामुळे त्या लांबीबाहेर जाणारी आज्ञा तो आधीच नाकारतो. रोजचे संरक्षण खरे तर सॉफ्ट लिमिटच देते. प्रत्यक्ष लिमिट स्विच लागतो तो होमिंग न करता टेबल हाताने जॉग करताना, म्हणजे बटण दाबून सरकवताना, होम स्विचच नादुरुस्त असताना, स्टेपरच्या स्टेप्स चुकल्यावर, किंवा एन्कोडरची केबल सुटून सर्व्हो मोटर एका दिशेला पळत सुटली तर. नेमकी हीच वेळ कंट्रोलरची स्वतःची मोजणी खोटी ठरलेली असण्याची असते, म्हणून सॉफ्ट लिमिट आहे म्हणून लिमिट स्विच लावला नाही तरी चालेल, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

एनसी जोडणी आणि तिच्यामागचे कारण

बहुतेक स्विचमध्ये दोन प्रकारचे संपर्क मिळतात. एनओ म्हणजे दाबल्यावर जुळणारा, आणि एनसी म्हणजे दाबल्यावर उघडणारा. लिमिट स्विच नेहमी एनसी संपर्कावर जोडावेत आणि एकाहून अधिक असतील तर ते एकसर जोडावेत. मशीन नीट असताना या साखळीतून सतत विद्युतप्रवाह वाहत असतो. कोणताही एक स्विच दाबला गेला, एखादी तार तुटली, टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला किंवा कनेक्टर निसटला, तर प्रवाह थांबतो आणि मशीनही थांबते. एनओ स्विच समांतर जोडले तर याच्या अगदी उलट होते. तुटलेली तार आणि न दाबलेला स्विच कंट्रोलरला सारखेच दिसतात.

हा फरक मी वाचून नव्हे, तर पाहून शिकलो. एका मशीनवर मी वाय अक्षाचे दोन्ही लिमिट स्विच एनओ पद्धतीने जोडले होते आणि चाचणीत ते उत्तम चालले होते. काही महिन्यांनी सॅडल मागच्या टोकाला न थांबता थेट धडकले आणि बॉलस्क्रूच्या नटचा ब्रॅकेट वाकला. स्विच हाताने दाबून पाहिला तर त्याचा टकटक आवाज येत होता, संपर्क स्वच्छ होता, रोलर मोकळा फिरत होता. शेवटी केबल बोटांमधून ओढत तपासत गेलो तेव्हा सॅडलच्या मागे एका जागी काळ्या आवरणावर नखाएवढा चपटा डाग हाताला लागला. आवरण फाटलेले नव्हते. ते सोलल्यावर आत एक तार पूर्ण तुटलेली निघाली, आणि ती केव्हा तुटली हे सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तीच जोडणी एनसी असती तर ज्या क्षणी तार तुटली त्याच क्षणी मशीन उभे राहिले असते आणि नुकसान केवळ एका केबलचे झाले असते.

एनसी जोडणीचाही एक दोष आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. स्विचकडे जाणाऱ्या दोन्ही तारा चिमटून एकमेकींना चिकटल्या, किंवा स्विचच्या पेटीत कूलंट शिरून दोन टर्मिनल जोडली गेली, तर साखळी कायम जुळलेली दिसते आणि तो स्विच निकामी होतो. म्हणून केबल सुरक्षित नेणे आणि ठरावीक काळाने प्रत्येक स्विच हाताने दाबून पाहणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

याच कारणाने स्विच पुरवठ्याच्या कोणत्या बाजूला आहे हेही महत्त्वाचे ठरते. समजा पुरवठा २४ व्होल्ट डीसी आहे आणि त्याची शून्य व्होल्टची बाजू पॅनेलमध्ये एका ठिकाणी अर्थला जोडलेली आहे, जी योग्य पद्धत आहे. आता अधिक २४ व्होल्टपासून फ्यूज, तिथून स्विचची साखळी, तिथून कंट्रोलरचा इनपुट आणि शेवटी शून्य व्होल्ट असा मार्ग ठेवला, तर केबल घासून तार मशीनच्या बिडाला टेकताच फ्यूज उडतो, इनपुट बंद होतो आणि मशीन थांबते. स्विच शून्य व्होल्टच्या बाजूला ठेवला असता, तर तीच घासलेली तार मशीनच्या सांगाड्यातून परिपथ पूर्ण करते, स्विच मधल्यामध्ये वगळला जातो आणि कंट्रोलरला सर्व काही ठीक दिसते. यंत्रांच्या विद्युत व्यवस्थेसाठीचे आयईसी ६०२०४-१ हे मानक अर्थशी झालेल्या अशा अपघाती जोडामुळे मशीन थांबण्यात अडथळा येऊ नये, अशी अपेक्षा ठेवते. म्हणून जिथे निवड हाती असेल तिथे स्विच अधिक बाजूलाच ठेवावा. फ्यूज छोटा, साधारण अर्ध्या अँपिअरचा पुरतो, कारण साखळीतून वाहणारा प्रवाह काही मिलिअँपिअरच असतो.

स्विचची निवड

मिलिंग मशीनवर चिप्स उडतात, कूलंट झिरपते आणि वंगणाचे तेल सर्वत्र पसरते. उघडे मायक्रोस्विच लाकूडकामाच्या हलक्या राउटरवर टिकतात, इथे टिकत नाहीत. फटीतून आरपार पाहणारे ऑप्टिकल सेन्सर अचूक असतात, पण एका तेलकट चिपने ते आंधळे होतात. धातूच्या बंद पेटीतला, आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरू देणारा, रोलर प्लंजर लिमिट स्विच हा लिमिटसाठी माझा पहिला पर्याय आहे. त्यातही शक्य असेल तर पॉझिटिव्ह ओपनिंग प्रकारचा घ्यावा. त्याच्यावर वर्तुळात बाण असलेले चिन्ह छापलेले असते. अशा स्विचमध्ये एनसी संपर्क स्प्रिंगच्या जोरावर उघडण्याची वाट पाहत नाही, दाबणारा भागच त्याला थेट ढकलून वेगळा करतो, त्यामुळे संपर्क एकमेकांना चिकटले असले तरी ते फाकतात.

यांत्रिक स्विचबाबत एक बारकावा असा की सामान्य चांदीच्या संपर्कांवर कालांतराने पातळ थर चढतो, आणि तो भेदायला काही मिलिअँपिअर प्रवाह आणि पुरेसा व्होल्टेज लागतो. मायक्रोकंट्रोलरच्या पायावर ५ व्होल्ट आणि आतल्या २० ते ५० किलोओहमच्या पुल-अप रेझिस्टरवर स्विच थेट जोडला, तर संपर्कातून जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर जाते. एवढ्यावर स्विच पहिले काही महिने चालतो आणि नंतर कधी लागतो, कधी लागत नाही अशी तक्रार सुरू होते. २४ व्होल्ट आणि ५ ते १० मिलिअँपिअर हा मेळ संपर्कालाही मानवतो आणि विद्युत गोंगाटालाही दाद देत नाही.

होमसाठी इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर चांगला, कारण त्यात झिजणारे काही नाही. तीन तारांच्या सेन्सरमध्ये तपकिरी तार अधिक पुरवठ्याची, निळी शून्य व्होल्टची आणि काळी आउटपुटची असते. चार तारांच्या सेन्सरमध्ये पांढरी तार बहुधा एनसी आउटपुटची असते. वर सांगितलेल्या अधिक बाजूच्या जोडणीसाठी पीएनपी प्रकारचा, म्हणजे आउटपुटवर अधिक व्होल्टेज देणारा, एनसी आउटपुटचा सेन्सर घ्यावा. एम १२ आकाराच्या फ्लश सेन्सरचे अंतर सामान्यतः २ मिलिमीटर लिहिलेले असते, पण तापमान आणि उत्पादनातला फरक धरून त्याच्या ८१ टक्के, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरपर्यंतच भरवसा ठेवावा, आणि बसवताना १ मिलिमीटरच्या आसपास अंतर राखावे. हे आकडे मऊ पोलादाच्या डॉगसाठी, म्हणजे अक्षासोबत सरकत येऊन स्विच किंवा सेन्सर कार्यान्वित करणाऱ्या तुकड्यासाठी, आहेत. ॲल्युमिनियमसमोर साध्या सेन्सरचे अंतर निम्म्याहूनही कमी होते, म्हणून डॉग पोलादाचाच करावा. डॉग सेन्सरच्या तोंडावर समोरून येऊ देऊ नये. त्याने बाजूने सरकत पुढून जावे, म्हणजे अक्ष थोडा पुढे गेला तरी सेन्सर चिरडला जात नाही. पोलादी चिप्स सेन्सरच्या तोंडावर साचल्या तर होमची जागा सरकते, तेव्हा सेन्सर शक्यतो तोंड खाली किंवा आडवे ठेवून बसवावा आणि वर पत्र्याचे छोटे छप्पर द्यावे.

तीन तारांचे इलेक्ट्रॉनिक सेन्सर यांत्रिक स्विचसारखे एकसर जोडण्याचा मोह मात्र टाळावा. प्रत्येक सेन्सरवर दोनएक व्होल्ट पडतात, आणि पहिल्या सेन्सरने पुरवठा दिल्याशिवाय दुसरा जागाच होत नाही, त्यामुळे सुरू होण्यातला विलंब साठत जातो. त्यांना प्रत्येकी स्वतंत्र इनपुट द्यावा. इनपुट कमी असतील तर लिमिटचे यांत्रिक स्विच एका साखळीत घ्यावेत आणि होमचे तीन सेन्सर तीन वेगळ्या इनपुटवर घ्यावेत. तीन अक्षांच्या मिलला अशा रीतीने चार इनपुट पुरतात. एका साखळीमुळे कोणता अक्ष टोकाला गेला हे कंट्रोलरला कळत नाही, पण ते मशीनसमोर उभ्या माणसाला डोळ्यांनी दिसतेच.

जागा ठरवणे

अक्षाच्या मध्यापासून टोकाकडे जाताना आधी सॉफ्ट लिमिट, मग लिमिट स्विच, आणि अगदी शेवटी प्रत्यक्ष धातूवर धातू आदळण्याची जागा, असा क्रम असावा. होम स्विच एका टोकाला, लिमिटच्या थोडा आत बसतो. लिमिट स्विच आणि कठीण टोक यांच्यात किती अंतर हवे हे अंदाजाने ठरवू नये, कारण त्याचे गणित सोपे आहे. थांबायला लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले प्रवेगाची दुप्पट. रॅपिड, म्हणजे कापत नसतानाची सर्वांत वेगवान चाल, मिनिटाला ५००० मिलिमीटर असेल तर तो सेकंदाला ८३.३ मिलिमीटर होतो. प्रवेग सेकंद वर्गाला ५०० मिलिमीटर धरला तर थांबायला सुमारे ७ मिलिमीटर लागतात. त्यात इनपुटचा विलंब आणि थोडी सूट मिळवून १० मिलिमीटर ठेवावेत. जुन्या मशीनची धाव तशीही अपुरी वाटते, त्यामुळे टोकाचे हे १० मिलिमीटर सोडायला मन तयार होत नाही. अशा वेळी लिमिट टोकाकडे ढकलण्याऐवजी रॅपिडचा वेग कमी करावा.

डॉग लांब असावा हीसुद्धा तितकीच महत्त्वाची बाब आहे. अक्ष थांबेपर्यंत जेवढा पुढे जाईल तेवढ्या अंतरात डॉग स्विचवरून पलीकडे उतरला, तर स्विच पुन्हा मोकळा होतो आणि अक्ष टोकाच्या बाहेर असूनही कंट्रोलरला तो आत असल्यासारखा वाटतो. डॉग इतका लांब हवा की एकदा दाबलेला स्विच कठीण टोकापर्यंत दाबलेलाच राहील. होमच्या डॉगलाही हाच नियम लागू होतो, कारण होमिंग सुरू करताना अक्ष आधीच डॉगवर उभा असेल तर कंट्रोलरला ते दिसले पाहिजे. रोलरसाठी डॉगची चढण साधारण ३० अंशांची ठेवावी, आणि स्विचच्या प्लंजरला त्याच्या पूर्ण खोलीपर्यंत कधीही ठेचू नये. स्विच हा टोकाचा ठोकळा नव्हे.

केबल आणि पॅनेल

प्रत्येक स्विचसाठी पिळलेल्या जोडीची, शील्ड असलेली, बारीक धाग्यांची लवचिक केबल वापरावी, ०.५ चौरस मिलिमीटरची तार या कामाला भरपूर आहे. सरकणाऱ्या भागावर केबल ड्रॅग चेनमधून न्यावी आणि वाकण्याची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या दहापट तरी ठेवावी. स्विचमध्ये केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून घ्यावी. वरून किंवा बाजूने घ्यावीच लागली तर ग्लँडच्या आधी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे कूलंट त्या झोळाच्या तळाशी ठिबकते आणि पेटीत शिरत नाही. तारेच्या टोकांना फेरूल (धातूची छोटी नळी) लावावे आणि दोन्ही टोकांना तोच क्रमांक द्यावा. क्रमांकांचा कंटाळा करणाऱ्यांना पुढे प्रत्येक दोष शोधताना पॅनेल नव्याने उलगडावे लागते.

स्पिंडलचा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, हा या मशीनवरचा सर्वांत मोठा गोंगाट करणारा घटक आहे. व्हीएफडीपासून स्पिंडल मोटरकडे जाणारी केबल शील्ड असलेलीच हवी आणि तिचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थला घट्ट जोडावे. स्विचच्या केबलचे शील्ड मात्र फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करावे आणि स्विचच्या टोकाला कापून आवरणाखाली झाकून टाकावे. दोन्ही प्रकारच्या केबल एकाच नळीतून नेऊ नयेत, समांतर न्याव्या लागल्या तर त्यांच्यात वीतभर तरी अंतर ठेवावे, आणि एकमेकींना ओलांडायचे झाले तर काटकोनात ओलांडावे. काही जण मशीनच्या बिडाचाच परतीची तार म्हणून उपयोग करतात. तसे कधीही करू नये.

इनपुट कार्डवर २४ व्होल्टचे ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने संकेत पोचवून दोन परिपथ वेगळे ठेवणारे घटक, आधीच असतील तर काम सोपे आहे. नसतील तर पीसी ८१७ सारख्या साध्या ऑप्टोकपलरने ते बनवता येते. त्याच्या आतल्या एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात, उरलेल्या २२.८ व्होल्टसाठी ३.३ किलोओहमचा रेझिस्टर घेतला तर ६.९ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो आणि रेझिस्टरमध्ये सुमारे ०.१६ वॅट उष्णता होते, म्हणून तो अर्ध्या वॅटचा घ्यावा. एलईडी उलट्या व्होल्टेजला नाजूक असतो, त्याची मर्यादा ६ व्होल्टची आहे. चुकून पुरवठा उलटा जोडला तर तो जळू नये यासाठी त्याच्याशी उलट दिशेने समांतर एक छोटा डायोड टाकावा.

ऑप्टोकपलरच्या पलीकडे, म्हणजे कंट्रोलरच्या बाजूला, १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावला तर सुमारे १ मिलिसेकंदाचा विलंब येतो. यामुळे होमची अचूकता जाईल अशी शंका साहजिक आहे, पण हिशोब केल्यावर ती उरत नाही. होमिंगचा शेवटचा टप्पा मिनिटाला ६० मिलिमीटरने, म्हणजे सेकंदाला १ मिलिमीटरने केला, तर १ मिलिसेकंदात अक्ष फक्त ०.००१ मिलिमीटर सरकतो, आणि तेवढा सरकणेही दरवेळी जवळजवळ सारखेच असते. फिल्टर लावूनही खोटे लिमिट लागत असेल तर फिल्टर वाढवत बसू नये. शील्ड, अर्थ आणि केबलचा मार्ग यांत कुठे चूक झाली आहे ते शोधावे.

लिमिट आणि आपत्कालीन थांबा

लिमिटची साखळी कंट्रोलरच्या इनपुटवर द्यावी की आपत्कालीन थांब्याच्या परिपथात टाकावी, हा प्रश्न मशीनच्या आकाराप्रमाणे सोडवावा. छोट्या स्टेपर मिलवर इनपुट पुरेसा आहे. जड टेबल आणि ताकदवान सर्व्हो असलेल्या मशीनवर मात्र कंट्रोलर अडकला तरी मोटरची शक्ती काढून घेणारा दुसरा, आणखी बाहेरचा स्विच सेफ्टी रिलेच्या साखळीत हवा, कारण पळत सुटलेल्या सर्व्होला सॉफ्टवेअरची आज्ञा ऐकू येत नाही. अशा व्यवस्थेत झेड अक्षाला ब्रेक असणे अत्यावश्यक आहे. शक्ती जाताच डोके खाली घसरले तर टोक वाचवण्याच्या नादात हत्यार जॉबमध्ये रुतते. शिवाय शक्ती तोडणाऱ्या स्विचवर अक्ष गेला की तो परत आत आणण्यासाठी ओव्हरराइड बटण लागते. ते दाबून धरेपर्यंतच चालणारे, सोडताच परत येणारे असावे. अडकून राहणारा खटका लावला तर कोणीतरी तो तसाच चालू ठेवून जाईल आणि सगळी साखळी निरर्थक होईल.

कंट्रोलरमधील नोंदी

होमिंगचा पाया एकच आहे. अक्ष वेगाने स्विचकडे जातो, स्विच लागल्यावर मागे येतो, आणि मग अगदी हळू चालत नेमकी कड पकडतो. स्विच दाबला जाण्याची आणि सुटण्याची जागा एक नसते, त्यामुळे प्रत्येक वेळी तीच कड आणि तीच दिशा वापरली गेली पाहिजे. क्रमात झेड नेहमी पहिला, वरच्या दिशेने. हत्यार जॉबपासून दूर गेल्यावरच एक्स आणि वाय हलू द्यावेत.

लिनक्ससीएनसी या कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये शोधाचा वेग आणि पकडीचा वेग वेगळे लिहायचे असतात, आणि त्यांच्या चिन्हांना अर्थ असतो. दोन्हींचे चिन्ह सारखे ठेवले तर अक्ष स्विचवरून मागे येऊन पुन्हा त्याच्याकडे हळू जातो आणि दाबला जाण्याची कड पकडतो. चिन्हे विरुद्ध ठेवली तर स्विचवरून उतरताना सुटण्याची कड पकडतो. एकच स्विच होम आणि लिमिट दोन्हींसाठी असेल तर होमिंगदरम्यान लिमिटकडे दुर्लक्ष करण्याची नोंद चालू करावी लागते, अन्यथा होमिंग सुरू होताच लिमिट लागून थांबते. जीआरबीएल या मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग क्रमांक २२ होमिंग चालू करते, २१ प्रत्यक्ष लिमिट आणि २० सॉफ्ट लिमिट चालू करते. हळू वेग २४ मध्ये, शोधाचा वेग २५ मध्ये आणि स्विचपासून मागे येण्याचे अंतर २७ मध्ये लिहायचे असते. एनसी स्विच थेट पायाशी जोडला असेल तर क्रमांक ५ उलटावा लागतो. मध्ये ऑप्टोकपलर असेल तर उलटायचे की नाही हे प्रत्यक्ष पाहून ठरवावे. सॉफ्ट लिमिट चालण्यासाठी १३० ते १३२ मध्ये अक्षांची खरी धाव, मोजून, लिहिलेली असणे आवश्यक आहे.

एन्कोडरचा इंडेक्स पल्स वापरणाऱ्यांनी पुढील बाब विशेष लक्षपूर्वक वाचावी. इंडेक्स पल्स मोटरच्या प्रत्येक फेरीला एकदाच येतो. मोटर ५ मिलिमीटर पिचच्या बॉलस्क्रूला थेट जोडलेली असेल तर तो दर ५ मिलिमीटरला येतो. होम स्विच इथे फक्त कोणती फेरी हे सांगतो आणि नेमकी जागा इंडेक्स ठरवतो, म्हणून होम अतिशय अचूक होतो. पण स्विचची कड योगायोगाने इंडेक्सच्याच जागी आली, तर स्विच केसभर आधी लागला की एक फेरी आणि केसभर उशिरा लागला की दुसरी फेरी पकडली जाते. मशीन आठवडाभर अचूक चालते आणि एका सकाळी सगळा जॉब बरोबर ५ मिलिमीटरने सरकलेला निघतो. हा दोष शोधणे फार जिकिरीचे आहे, टाळणे मात्र सोपे: स्विच लागल्यापासून इंडेक्स येईपर्यंत अक्ष किती सरकतो ते पडद्यावर पाहावे आणि ते अंतर अर्ध्या फेरीच्या, म्हणजे इथे २.५ मिलिमीटरच्या जवळ येईपर्यंत डॉग सरकवावा.

तपासणी

पहिली तपासणी वीज बंद ठेवून मल्टिमीटरने करावी. साखळीची दोन्ही टोके कंटिन्यूटीवर धरून एकेक स्विच दाबावा, प्रत्येक वेळी बीप थांबला पाहिजे. नंतर प्रत्येक तार आणि मशीनचे बीड यांच्यात काहीही जोड नाही याची खात्री करावी. मग फक्त २४ व्होल्ट चालू करून, ड्राइव्ह बंद ठेवून, कंट्रोलरच्या इनपुटच्या पडद्यासमोर बसावे आणि दुसऱ्या माणसाला एकेक स्विच दाबायला, एकेक कनेक्टर उपसायला सांगावे. कनेक्टर उपसल्यावर पडद्यावर काहीच बदलले नाही तर जोडणी चुकली आहे, मग स्विच कितीही चांगला चालत असो.

त्यानंतर ड्राइव्ह चालू करून टेबल अक्षाच्या मध्यावर आणावे, मिनिटाला १०० मिलिमीटरच्या वेगाने जॉग करावे आणि टेबल चालत असतानाच हाताने लिमिट स्विच दाबावा. दिशा बरोबर आहेत का हेही इथेच कळते, कारण उलट दिशेला होम शोधणारा अक्ष समोरच्या टोकाला जाऊन धडकतो. दुसरा हात आपत्कालीन बटणावर ठेवावा. हळू वेगावर सर्व काही नीट झाले की वेग टप्प्याटप्प्याने वाढवत रॅपिडपर्यंत न्यावा, आणि स्विच लागल्यानंतर अक्ष किती पुढे जाऊन थांबला ते मोजून वरच्या गणिताशी ताडून पाहावे.

गोंगाटाची चाचणी बरेच जण विसरतात. अक्ष उभे ठेवून स्पिंडल कमी वेगापासून पूर्ण वेगापर्यंत न्यावा, मध्येच थांबवावा, पुन्हा सुरू करावा, कूलंटचा पंप चालू-बंद करावा, आणि या सर्व काळात लिमिटच्या इनपुटवर लक्ष ठेवावे. लिनक्ससीएनसीमधील हालस्कोप हा संकेतांचा आलेख दाखवणारा प्रोग्राम येथे फार उपयोगी पडतो, कारण डोळ्यांना न दिसणारा क्षणिक झटकाही त्यावर उमटतो.

शेवटी होमची पुनरावृत्ती तपासावी. ०.०१ मिलिमीटरचा डायल इंडिकेटर चुंबकी स्टँडवर टेबलाशेजारी घट्ट बसवून होमिंग करावे, अक्ष एका ठरावीक जागी आणून डायल शून्यावर घ्यावा. मग अक्ष दूर नेऊन, दरवेळी वेगळ्या जागेवरून, किमान दहा वेळा होमिंग करून त्याच जागी परत यावे आणि प्रत्येक वाचन लिहून ठेवावे. वाचने ०.०२ मिलिमीटरच्या आत राहिली तर यांत्रिक स्विचसाठी ते समाधानकारक आहे. ती एकाच दिशेला हळूहळू सरकत गेली तर स्विचचा ब्रॅकेट किंवा डॉगचा बोल्ट ढिला असण्याची शक्यता अधिक. ती कोणत्याही क्रमाशिवाय विखुरली तर पकडीचा वेग कमी करून पाहावा आणि रोलरच्या खोबणीत चिप अडकली आहे का ते तपासावे. ही दहा वाचने, इंडेक्सचे अंतर आणि प्रत्येक अक्षाचा होम ऑफसेट एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि पुढे कधी एखादा स्विच किंवा डॉग उघडावा लागला, तर हीच मोजणी नव्याने करून त्या कागदावर तारखेसह नोंदवावी.